पार्सल हरवलं: ग्राहकाचे पैसे आधी, कुरिअरशी हिशेब नंतर

‘पार्सल अजून आलेलं नाही’ असा मेसेज आला की बहुतेक विक्रेते ट्रॅकिंगची लिंक पुन्हा एकदा पाठवून मोकळे होतात. ग्राहकाने ती लिंक तुमच्याआधी कितीतरी वेळा उघडून पाहिलेली असते. त्यातून त्याला काही उलगडलं असतं, तर त्याने तुम्हाला लिहिलंच नसतं. म्हणून उत्तर लिहायच्या आधी ती लिंक आपण वाचायची आणि तिचा अर्थ काय लागतो, ते त्याला साध्या शब्दांत कळवायचं.

मी हाताने बांधलेल्या वह्या विकते. कापडी पुठ्ठा, पितळी कोपरे, शिवलेली पानं. हा उद्योग सुरू करण्याआधी मी एका कुरिअर कंपनीच्या हबमध्ये, म्हणजे पार्सलं गोळा करून पुढे वाटायच्या केंद्रात, न पोचलेल्या मालाचा शोध घेणाऱ्या टेबलावर काम करत होते. त्यामुळे ‘माझं पार्सल कुठे आहे?’ हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी पाहिलेला आहे आणि त्यातून माझं एक पक्कं मत झालं आहे. पार्सल हरवलं की दोन व्यवहार सुरू होतात. एक तुमचा आणि ग्राहकाचा, दुसरा तुमचा आणि कुरिअरचा. या दोघांची तारीख, कागद, भाषा सगळं वेगळं ठेवा. ‘कुरिअरने क्लेम (भरपाईची मागणी) मंजूर केला की तुमचे पैसे देते’ हे वाक्य ग्राहकाला कधीही लिहू नका. कुरिअरला पैसे तुम्ही दिलेत, करार तुमचा आहे. ग्राहकाने तुम्हाला पैसे दिलेत आणि त्याला वस्तू मिळालेली नाही, एवढाच त्याचा विषय आहे.

आधी शेवटचा स्कॅन वाचा

पार्सल ज्या ज्या ठिकाणी हात बदलतं, तिथे त्याचा बारकोड वाचला जातो. शेवटचा स्कॅन कुठला आणि त्यानंतर किती दिवस शांतता आहे, यावरून निम्मं उत्तर मिळतं.

‘लेबल तयार झालं’ एवढंच दिसत असेल आणि पुढे काहीच नसेल, तर पार्सल कुरिअरने स्वीकारल्याची नोंदच नाही. अशा वेळी आधी आपलं पॅकिंगचं टेबल, रॅकच्या मागची जागा, दुसऱ्या ऑर्डरींचा ढीग तपासा. तिथे नसेल तर पिकअपवाल्या मुलाच्या पोत्यात ते गेलं होतं का, याचा पुरावा शोधा. इथेच पिकअपची यादी कामाला येते. पार्सलं नेताना प्रत्येकाचा स्कॅन समोर करून घ्या, किंवा निदान नंबरांच्या यादीवर सही आणि तारीख घ्या. घाईत असलेला माणूस ‘हबला गेल्यावर स्कॅन करतो’ म्हणतो. त्याच्यावर रागावू नका, पण सही मात्र घ्या. स्वीकारल्याचा पुरावा नसलेल्या पार्सलाचा क्लेम जवळपास नेहमीच नाकारला जातो.

एखाद्या हबमध्ये ‘पोचलं’ असा स्कॅन आहे आणि ‘निघालं’ असा नाही, ही सगळ्यात जास्त वेळा दिसणारी अवस्था. याचा अर्थ हरवलं असा लगेच घेऊ नका. हबमध्ये काय होतं ते सांगते. लहान पाकीट मोठ्या खोक्याच्या उघड्या झाकणात सरकतं आणि त्याच्यासोबत भलत्याच गावाला जातं. एकाची सुटलेली टेप दुसऱ्याला चिकटते आणि दोन पार्सलं एक होऊन फिरतात. पोतं रिकामं केलं असं समजून बाजूला टाकतात आणि तळाशी एक पाकीट राहून जातं. लेबल भिजतं, फाटतं, निघून पडतं. लेबल गेलं की ते पार्सल बिननावाच्या मालात जातं, आणि तिथून बाहेर यायचं तर कुणीतरी त्याचं वर्णन द्यावं लागतं. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण तिथे विक्रेत्याच्या हातात बरंच काही असतं.

‘डिलिव्हरीसाठी निघालं’ आणि मग ‘दार बंद’, ‘पत्ता अपुरा’, ‘फोन लागला नाही’ अशा नोंदी असतील, तर पार्सल हरवलेलं नाही, अडकलेलं आहे. पत्ता आणि फोन नंबर ग्राहकाकडून पुन्हा लिहून घ्या, खुणेची जागा विचारा आणि त्याच दिवशी कुरिअरला कळवा. दोन-तीन प्रयत्न फसले की ते परतीला लागतं. परतीची नोंद एकदा दिसली की ते पार्सल तुमच्याकडे येतंय, म्हणजे पैसे परत करायला किंवा दुसरी वस्तू पाठवायला काहीच हरकत नाही.

परदेशी टपालाचं थोडं वेगळं आहे. जागतिक टपाल संघाच्या पद्धतीनुसार अशा पार्सलांचा नंबर तेरा अक्षर-अंकांचा असतो: आधी दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, म्हणून नंबर टाइप करताना एखादा आकडा चुकला तर यंत्रणा बहुधा तो स्वीकारतच नाही. पहिलं अक्षर ‘आर’ असेल तर रजिस्टर्ड, ‘ई’ असेल तर एक्स्प्रेस, ‘सी’ असेल तर पार्सल. ‘यू’ने सुरू होणारा नंबर मात्र ट्रॅकिंगसाठी नसतो, तो कस्टम्सच्या माहितीसाठी असतो. त्यावर ‘पोचलं’ अशी नोंद कदाचित कधीच येणार नाही. महाग वस्तू अशा सेवेने पाठवू नये, हे इथेच सांगून ठेवते. आणखी एक: पार्सल आपला देश सोडून गेलं की तोच नंबर पोचायच्या देशाच्या टपाल खात्याच्या साइटवर टाकून बघा. आपल्याकडे ‘रवाना’वर अडकलेली नोंद तिकडे ‘कस्टम्समध्ये’ अशी पुढे सरकलेली असते. कस्टम्समध्ये असलेलं पार्सल उशिरा पोचतं, पण ते हरवलेलं नसतं. तिथे कर भरायचा राहिला आहे का, कागद मागितलाय का, हे ग्राहकालाच विचारावं लागतं, कारण नोटीस त्याच्या पत्त्यावर जाते.

पहिलं उत्तर

ते त्याच दिवशी जायला हवं, आणि त्यात एक तारीख असायला हवी. मी साधारण असं लिहिते:

‘नमस्कार. तुमचं पार्सल 4 तारखेला मधल्या हबमध्ये पोचलं आणि त्यानंतर त्याची नोंद झालेली नाही. मी आजच कुरिअरकडे शोधाची तक्रार नोंदवली आहे. 14 तारखेपर्यंत वही तुमच्या हातात आली नाही, तर तुम्ही म्हणाल त्याप्रमाणे मी पूर्ण पैसे परत करेन किंवा तशीच दुसरी वही पाठवेन. तोपर्यंत तुम्हाला काहीही करावं लागणार नाही. पत्ता मी पुढे लिहिला आहे, तो बरोबर आहे का एवढंच कळवा.’

तारीख लिहिली की ग्राहकाचा जीव भांड्यात पडतो. त्याची भीती पार्सलापेक्षा ‘हे लोक आता टोलवत राहणार’ याची जास्त असते. तारीख ठरवायची कशी? देशांतर्गत पार्सल असेल तर मी शेवटच्या स्कॅननंतर कामाचे सात दिवस धरते. परदेशी असेल तर दिलेल्या अंदाजाची शेवटची तारीख उलटल्यावर आणखी दोन ते तीन आठवडे. तुमच्या मार्गावर माल किती वेगाने जातो, त्याप्रमाणे तुमचे आकडे वेगळे असतील. पण एकदा ठरवले की सगळ्यांना तेच लावा आणि विक्रीच्या पानावर ते आधीच लिहून ठेवा. गोड बोलणाऱ्याला लवकर आणि भांडणाऱ्याला त्याहून लवकर, असं झालं की शांत बसणाऱ्या माणसावर अन्याय होतो.

या मधल्या दिवसांत गप्प राहू नका. काही नवीन कळलं नसलं तरी ‘अजून नोंद नाही, कुरिअरला आज पुन्हा विचारलं’ इतकी एक ओळ पुरते.

‘डिलिव्हर्ड’ दिसतंय, पण मिळालं नाही

ही सगळ्यात नाजूक अवस्था. विक्रेत्याला वाटतं ग्राहक खोटं बोलतोय, ग्राहकाला वाटतं विक्रेता हात झटकतोय. हबच्या टेबलावर बसून मी जे पाहिलं, त्यावरून सांगते: यातली पुष्कळ प्रकरणं खोटेपणाची नसतात. दिवसाचं काम आटोपल्याचं दाखवायला संध्याकाळी उरलेल्या पार्सलांवर ‘दिलं’ असा शिक्का मारला जातो आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखर दिली जातात. शेजारी घेतं आणि सांगायला विसरतं. इमारतीच्या गेटवर ठेवलेलं असतं. घरातल्याच कुणीतरी कपाटावर ठेवलेलं असतं. एकसारख्या नावाच्या दोन गल्ल्या असतात.

म्हणून ग्राहकाला दोन दिवस मागा आणि नेमके प्रश्न विचारा: घरातल्या सगळ्यांना विचारलंत का, शेजारी, गेटवरचा माणूस, ऑफिसचा पत्ता असेल तर टपाल घेणारी खोली? प्रश्नांचा सूर शोधात मदत करणाऱ्याचा ठेवा, उलटतपासणी घेणाऱ्याचा नको. ‘आमच्याकडे तर डिलिव्हर्ड दाखवतंय’ हे वाक्य माणसाला थेट खोटं ठरवतं. त्याऐवजी ‘कुरिअरच्या नोंदीत ते मंगळवारी दुपारी दिल्याचं आहे, ते कुणाच्या हाती दिलं हे मी त्यांना विचारते आहे’ असं लिहा.

आणि खरंच विचारा. डिलिव्हरीचा पुरावा मागताना नुसतं ‘पुरावा द्या’ म्हटलं तर त्याच ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट येतो. म्हणून एकेक गोष्ट मागा: घेणाऱ्याचं नाव आणि सही, दारातला फोटो, ओटीपी घेतला असल्यास त्याची वेळ, आणि स्कॅन झाला त्या जागेचे जीपीएस निर्देशांक. शेवटची गोष्ट फार उपयोगाची. निर्देशांक नकाशावर टाकले आणि जागा ग्राहकाच्या घरापासून दोन रस्ते पलीकडे निघाली, तर प्रश्नच मिटला. फोटो आला तर तो ग्राहकाला दाखवा. कित्येकदा ‘अरे, हे तर समोरच्यांचं दार’ असं उत्तर येतं आणि वही तासाभरात सापडते.

पुरावा खणखणीत असेल, म्हणजे ग्राहकाच्या फोनवर आलेला ओटीपी दिला गेला असेल किंवा त्याच्याच नावाची सही असेल, तर मी पैसे लगेच परत करत नाही. पुरावा त्याला पाठवते आणि त्याचं म्हणणं लेखी मागते. पुरावा कच्चा असेल, ‘दारात ठेवलं’ एवढंच असेल, तर पैसे परत करते. दारात ठेवायची सेवा मी निवडली, तिचा धोका ग्राहकाने का घ्यावा?

कायदा कुणाच्या बाजूने झुकतो

स्वतःच्या देशाचा नियम वाचून ठेवा, कारण ‘कुरिअरला दिल्यावर आमची जबाबदारी संपते’ ही विक्रीच्या पानावरची ओळ बऱ्याच ठिकाणी टिकत नाही. युरोपीय संघाच्या 2011च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार वस्तू प्रत्यक्ष ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत नुकसानीचा धोका विक्रेत्याचा असतो. ग्राहकाने विक्रेत्याने न सुचवलेला वाहक स्वतः ठरवला असेल, तर गोष्ट वेगळी. ब्रिटनच्या 2015च्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. म्हणजे तुम्ही तिकडे माल विकत असाल तर तुमच्या पानावर काहीही लिहिलेलं असो, पैसे तुम्हालाच द्यायचे आहेत.

दुकानदाराला घाऊक माल पाठवताना चित्र उलटं असू शकतं. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबाबतच्या 1980च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराप्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल आणि माल वाहकाने न्यायचा असेल, तर पहिल्या वाहकाच्या हाती दिल्यावर धोका खरेदीदाराकडे जातो. घरगुती वापरासाठीच्या खरेदीला हा करार लागू होत नाही. मीही दुकानांना वह्या देते, आणि तिथे माल हरवला तर नुकसान कुणाचं, हे ऑर्डरच्या कागदावर एका ओळीत आधीच लिहिते. नंतर त्यावरून संबंध बिघडत नाहीत.

पैसे परत करताना

ठरलेली तारीख आली की ग्राहकाने आठवण करायची वाट पाहू नका. आदल्या दिवशी विचारा: पैसे हवेत की दुसरी वही? निवड त्याची. वाढदिवसाची भेट होती आणि तो दिवस निघून गेला असेल, तर दुसरी वही लादण्यात अर्थ नाही. एकच नग असलेली वस्तू असेल, तर पर्याय देऊच नका, सरळ पैसे द्या. ‘तिच्यासारखीच दुसरी’ म्हणून वेगळी वस्तू खपवू नये.

रक्कम पूर्ण द्या, पाठवणीच्या खर्चासकट. वस्तू पोचलीच नाही, तर पोचवण्याचे पैसे ठेवायचे कशाचे? कूपन किंवा ‘पुढच्या खरेदीत वळते करू’ हे ग्राहकाने आपणहून मागितलं तरच.

आणि पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत पाठवा. हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही. कार्डाने दिले असतील तर मूळ व्यवहारावर ‘रिफंड’चं बटण दाबायचं. ‘माझं कार्ड बंद झालंय, या दुसऱ्या खात्यात टाका’ अशी विनंती आली, तरी मूळ वाट सोडू नका. वेगळ्या खात्यात पैसे टाकले आणि नंतर मूळ कार्डावर चार्जबॅक लागला, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीवरून बँकेने ती रक्कम तुमच्याकडून परत ओढली, तर तेच पैसे दुसऱ्यांदा जातात आणि पहिल्यांदा दिल्याचं सिद्ध करणं जड होतं. कार्ड बदललं तरी खातं चालू असेल तर बँक रिफंड बहुधा त्या खात्यात वळवते, हे ग्राहकाला समजावून सांगा.

रिफंड केल्यावर पैसे दिसायला काही दिवस लागतात आणि त्या काळात पुन्हा शंका येतात. कार्डाच्या रिफंडला एक तेवीस आकडी संदर्भ क्रमांक मिळतो, पेमेंट गेटवेकडे (तुमच्यासाठी कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडे) मागितला की देतात. तो ग्राहकाला कळवा. बँकेत तो नंबर सांगितला की त्यांना रक्कम शोधता येते. हा एक नंबर दिल्याने किती फोन वाचतात, हे अनुभवानेच कळतं.

चार्जबॅक आधीच लागलेला असेल तर थांबा. बँकेने ती रक्कम तुमच्याकडून काढून घेतलेली असते किंवा अडवून ठेवलेली असते. त्याच वेळी तुम्ही वेगळा रिफंड केला, तर दोनदा पैसे गेले. पार्सल खरंच हरवलंय हे माहीत असेल, तर तो वाद स्वीकारा आणि ग्राहकाला तसं कळवा. डिलिव्हरीचा भक्कम पुरावा असेल तरच लढा. पुराव्यात ऑर्डरमधला पत्ता आणि डिलिव्हरीचा पत्ता एकच असल्याचं दिसलं पाहिजे. ग्राहकाच्या सांगण्यावरून पत्ता मेसेजमध्ये बदलला असेल, तर अनेक पेमेंट सेवांच्या नियमांत विक्रेत्याचं संरक्षण तिथेच संपतं. म्हणून पत्ता बदलायचा असेल तर जुनी ऑर्डर रद्द करून नवी करायला सांगा.

ग्राहकाच्या हातात किती वेळ आहे, हेही लक्षात घ्या. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत वस्तू न मिळाल्याच्या वादासाठी साधारणपणे 120 दिवसांची मुदत असते आणि ती अपेक्षित डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजली जाऊ शकते. पेपाल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर पैसे दिल्यापासून 180 दिवसांच्या आत वाद उघडता येतो, आणि उघडलेला वाद 20 दिवसांत क्लेमपर्यंत, म्हणजे पेपालनेच निर्णय द्यावा या मागणीपर्यंत, नेला नाही तर तो बंद होतो. काही विक्रेते ‘अजून थोडं थांबा’ म्हणत म्हणत ही मुदत संपवतात. ग्राहकाचा हक्क असा घालवणं मला चोरीइतकंच वाईट वाटतं, आणि मी ते स्पष्ट लिहिते. दिलेली तारीख पाळणाऱ्याला या मुदतींची भीती बाळगायचं कारण नाही.

आता कुरिअरशी

ग्राहकाचे पैसे गेले, त्याचा विषय संपला. इथून पुढे घाई नको, पण मुदत चुकवू नका. प्रत्येक वाहकाची क्लेमची मुदत वेगळी असते. काहींची बुकिंगच्या तारखेपासून, काहींची डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. बुकिंगच्या अटींतली ती एक ओळ आज शोधा आणि पॅकिंगच्या टेबलासमोर चिकटवा. आंतरराष्ट्रीय टपालात चौकशी नोंदवायला पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने मिळतात, आणि ती साधारणपणे पाठवणाऱ्याने आपल्या देशाच्या टपाल खात्याकडे करायची असते.

शोधाची तक्रार आणि भरपाईचा क्लेम या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या नोंदी असतात. तक्रार केली म्हणजे क्लेम आपोआप झाला, असं समजू नका.

शोधाच्या तक्रारीत वर्णन कसं लिहायचं, हे मला कळकळीने सांगायचं आहे. टेबलावर माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ‘स्टेशनरी’, ‘गिफ्ट’, ‘कपडे’ एवढंच लिहिलेलं असायचं. बिननावाच्या मालाच्या खोलीत स्टेशनरी शंभर ठिकाणी असते. कुणी मात्र लिहायचं: ‘तपकिरी खोका, साधारण एक वीत लांब, पांढरी टेप, आत गडद निळ्या कापडाची वही, चारही कोपऱ्यांना पितळ, वजन 640 ग्रॅम.’ असं वर्णन हातात असलं की खोलीत जाऊन ती वस्तू उचलून आणता यायची. म्हणून लेबल नाही असं समजून लिहा. बाहेरचं खोकं कसं दिसतं, आत काय दिसतं, वजन नेमकं किती. सोबत दोन फोटो: बंद खोक्याचा आणि आतल्या वस्तूचा.

क्लेमला लागणारे कागद: बुकिंगची पावती, वजन, विक्रीचं बिल, ग्राहकाला पैसे परत केल्याचा पुरावा, त्याने ‘मिळालं नाही’ असं लिहिलेला मेसेज आणि वस्तूची किंमत दाखवणारं काहीतरी. हाताने केलेल्या वस्तूला खरेदीचं बिल नसतं. मी कापड, कागद, पितळ यांची बिलं आणि त्याच वहीची आधीची विक्री जोडते.

भरपाई मात्र बुकिंगच्या वेळी ठरलेली असते. किंमत जाहीर न करता पाठवलं तर वाहक स्वतःची ठरीव, बहुधा छोटी रक्कमच देतो. शिवाय काही वस्तू अटींतच वगळलेल्या असतात. रोकड तर असतेच, दागिने, नाजूक काच यांबाबतही पाहून घ्या. विमा काढलेला असेल तर तो विक्रीच्या किमतीवर देतो की उत्पादनखर्चावर, हेही पाहा.

पहिलं उत्तर नकाराचं आलं, तर ते शेवटचं समजू नका. कुठल्या कलमाखाली नाकारलं, एवढंच लेखी विचारा. कलम सांगावं लागलं की फाइल पुन्हा उघडून वाचावी लागते, आणि त्यात बऱ्याचदा निकाल बदलतो. फोनवर बोलणं झालं तरी नंतर त्याचा सारांश मेलने पाठवा, तक्रारीच्या नंबरासह.

पैसे दिल्यावर पार्सल पोचलं तर

असं होतं. म्हणून रिफंडच्या मेसेजमध्येच मी लिहिते: ‘पुढे कधी हे पार्सल तुमच्याकडे आलंच, तर कृपया कळवा. ठेवायचं असेल तर पैसे पाठवण्याची लिंक देईन, परत करायचं असेल तर पिकअप माझ्या खर्चाने पाठवेन.’ आधीच सांगितलं की लोक प्रामाणिकपणे कळवतात. नंतर मागणी केली की त्यांना धरपकड केल्यासारखं वाटतं. वस्तू स्वस्त असेल आणि परतीचा खर्च तिच्याहून जास्त, तर ती ठेवून घ्यायला सांगा. कुरिअरकडून भरपाई मिळालेली असेल, तर पार्सल सापडल्याचं त्यांनाही कळवा. भरपाई दिल्यावर मालावर हक्क त्यांचा, अशी अट बऱ्याच करारांत असते.

फसवणुकीचं काय

काही माणसं फसवतात, पण त्यांच्यासाठी सगळ्यांना संशयित करू नका. हरवलेल्या प्रत्येक पार्सलाची एक नोंद ठेवा: तारीख, मार्ग, वाहक, पत्ता, फोन, शेवटचा स्कॅन, निकाल. त्याच पत्त्यावरून दुसऱ्यांदा ‘डिलिव्हर्ड पण मिळालं नाही’ आलं, तर पुढची ऑर्डर फक्त सही किंवा ओटीपीने द्यायची. महाग वस्तूंना तर मी ती सेवा पहिल्यापासून लावते.

या नोंदवहीचा खरा उपयोग वेगळाच आहे. तीन-चार महिन्यांनी ती चाळली की एकाच हबचं नाव पुन्हा पुन्हा दिसतं, किंवा एकाच आकाराचं पाकीट. माझी पातळ पाकिटं जास्त हरवायची, मोठ्या खोक्यांत सरकून. तेव्हापासून एकटी वहीसुद्धा मी ताठ पुठ्ठ्याच्या खोक्यात घालते.

पॅकिंगचे बाकीचे नियम थोडक्यात. जुना खोका वापरत असाल तर त्यावरचे जुने बारकोड पूर्ण सोलून काढा किंवा काळे करा. लेबल सपाट बाजूवर, कडेवरून वळवून नको. बारकोडवर चकाकती टेप नको, स्कॅनरला तो वाचता येत नाही. आणि खोक्याच्या आत, वस्तूच्या वर, एक चिठ्ठी: पाठवणारा, घेणारा, दोघांचे फोन, ऑर्डरचा नंबर. बाहेरचं लेबल गेलं की खोका उघडणारा माणूस सगळ्यात आधी ती चिठ्ठीच शोधतो.

हिशेबात परत केलेली रक्कम विक्रीतून वजा दाखवा, क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा, आणि हरवलेली वस्तू साठ्यातून वेगळ्या नोंदीने कमी करा. क्लेमचे पैसे आले की ते भरपाई म्हणून वेगळे दाखवा, विक्री म्हणून नको. मी प्रत्येक ऑर्डरमागे थोडी रक्कम हरवलेल्या मालासाठी बाजूला टाकते. ती वस्तूच्या किमतीतच धरलेली असते. त्यामुळे रिफंडची तारीख येते तेव्हा पैसे तयार असतात आणि कुरिअरच्या उत्तरासाठी ग्राहकाला थांबवावं लागत नाही.